सोलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रोज दुपारी गळतो, दोनदा बदलला तरी तेच

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही शाहूपुरीत राहतो. दुमजली घर, बांधून चार वर्षं झाली. गच्चीवर पाणी तापवायचा २०० लिटरचा सोलर आहे, तांब्याच्या पॅनलचा, काचेच्या नळ्यांचा नव्हे. टाकीवरच्या पट्टीवर प्रेशराइज्ड असं लिहिलंय. ढगाळ दिवसांसाठी आत २ किलोवॉटची कॉइल आहे. वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी नीट येत नव्हतं म्हणून गच्चीवरच प्रेशर पंप बसवला. त्याला लाल रंगाची गोल टाकी जोडलीय, २४ लिटरची. पाण्याचा दाब २ बारला उतरला की पंप सुरू होतो आणि ३ बारला चढला की बंद होतो, असं बसवताना सांगितलं होतं.

गेल्या दिवाळीपासून सोलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून रोज पाणी गळतंय. साधारण अकराला सुरू होतं आणि साडेतीन-चारला आपोआप थांबतं. ढगाळ दिवस असला तर गळतच नाही. मी तीन दिवस खाली बादली लावून पाणी मोजलं. पहिल्या दिवशी पावणेचार लिटर, दुसऱ्या दिवशी चार लिटर, तिसऱ्या दिवशी पुन्हा पावणेचार. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्यावर दिवसभरात गरम पाणी कुणी वापरत नाही. हे पाणी पॅरापेटवरून खाली भिंतीवर उतरतं आणि सासूबाईंच्या खोलीच्या बाहेरच्या बाजूला ओल धरलीय. त्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे ती ओल मला स्वस्थ बसू देत नाही.

प्लंबरने व्हॉल्व्ह दोनदा बदलला. दोन्ही ६ बारचे, म्हणजे दाब तिथवर चढला की उघडणारे. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी दुपारी तेच.

संक्रांतीच्या सुमारास दुसरी एक गोष्ट सुरू झाली. वॉशबेसिनचा नळ थोडासा सोडला तरी पंप टक्-घुर्र-टक् करत दर तीन-चार सेकंदांनी चालू-बंद होतो. पूर्वी एक बादली भरेपर्यंत एकदाच सुरू व्हायचा. रात्री कुणी उठलं की वर हा आवाज आणि सासूबाई जाग्या.

काल प्लंबर म्हणाला, “वहिनी, व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लग मारून टाकतो, विषय संपला. तुमच्या मागच्या बंगल्यावर असंच केलंय, वर्ष झालं, काही होत नाही.” मिस्टर हो म्हणणार होते, मी थांबवलं. मनाला पटेना. ज्या गोष्टीचं नावच सेफ्टी आहे तिला बूच कसं मारायचं? कुणी जाणकार असेल तर सांगा.

---

गच्चीवरची_बाग

व्हॉल्व्ह लोकल मिळाला असेल. चांगल्या कंपनीचा पितळी घाला. आमचाही असाच गळायचा, बदलल्यावर थांबला.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

दोन्ही वेगवेगळ्या दुकानांतले होते, दुसरा तर पुण्याहून मागवला. दोन्हींमधून तेवढंच पाणी आलं, म्हणूनच शंका येते.

---

कृष्णाकाठ_सांगली

ताई, आधी एक गोष्ट पक्की करा. प्लग मारायचा नाही. आज नाही, उद्या नाही, “दोन दिवसांपुरता” म्हणूनही नाही. तुम्ही मिस्टरांना थांबवलंत हे फार चांगलं केलंत.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर ३१ हंगाम काढले, फर्स्ट क्लास अटेंडंट म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडं सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायची कुणाची टाप नव्हती, त्याला सील असायचं. तुमचा सोलर म्हणजे बॉयलर नव्हे, पण बंद भांड्यात पाणी तापवायचं म्हटलं की नियम तोच.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती बादली. तुम्ही मोजलंत म्हणून उत्तर सापडणार आहे. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ७० अंशांवर नेलं की त्याचं आकारमान साधारण २ टक्क्यांनी वाढतं. २०० लिटरचे २ टक्के म्हणजे ४ लिटर. तुमच्या बादलीत पावणेचार ते चार. म्हणजे तुमचा व्हॉल्व्ह बिघडलेला नाही. दिवसभरात टाकीतलं जेवढं पाणी फुगतं, बरोबर तेवढंच तो बाहेर टाकतोय. त्या पाण्याला जायला दुसरी जागा उरलेली नाही, म्हणून बिचारा रोज उघडतो. तिसरा बसवा, चौथा बसवा, तोही उघडणार.

जुन्या सोलरला हा प्रकार नव्हता. टाकीवरनं एक पाइप सरळ वर जायचा, तोंड उघडं, सिमेंटच्या टाकीच्या पातळीपेक्षा उंच. फुगलेलं पाणी त्यात चढायचं, नाहीतर थंड पाण्याच्या लाइनीतनं उलटं वरच्या टाकीत जायचं. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. प्रेशर पंप आला की तो उघडा पाइप ठेवता येत नाही, कारंजं उडेल. शिवाय पंपापाशी उलटं पाणी अडवणारा एनआरव्ही असतो. सगळी वाट बंद. (ज्यांचा सोलर साध्या टाकीचा आहे, काचेच्या नळ्यांचा आहे, त्यांनी त्याला प्रेशर पंप अजिबात जोडू नये. ती टाकी दाब सोसायला केलेलीच नसते. तुमची प्रेशराइज्ड आहे म्हणून पुढचं बोलतोय.)

वाट बंद केली की फुगलेल्या पाण्याला जागा करून द्यावी लागते. ती जागा म्हणजे तुमची लाल टाकी. तिच्या पोटात रबराचा फुगा असतो. फुग्यात पाणी, फुग्याच्या बाहेर हवा. पाणी दाबलं जात नाही, हवा दबते. पाणी फुगलं की फुग्यात शिरतं, हवा आक्रसते, दाब थोडा वाढतो एवढंच. रात्री पाणी थंड झालं की हवा ते परत ढकलते. पंपालाही तिचा उपयोग असतो. नळ थोडा सोडला तर पहिले काही लिटर त्या टाकीतनं येतात, पंपाला लगेच उठावं लागत नाही. तुमचा पंप टक्-टक् करतोय याचा अर्थ टाकीतली हवा गेली. एक तर वर्षानुवर्षं कुणी भरली नसेल, नाहीतर फुगा फाटला असेल.

कसं ओळखायचं ते सांगतो. टाकीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची टोपी असेल. ती काढली की आत गाडीच्या टायरला असते तशी पिन दिसेल. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं ती क्षणभर दाबा.

पाणी आलं तर फुगा फाटला, बदलावा लागेल.
नुसती हवा आली तर फुगा बहुधा शाबूत आहे, हवा भरून चालेल.

हवा तपासायची पद्धत मात्र चुकवू नका. पंपाची वीज बंद करा, नळ सोडून लाइनीतला दाब शून्यावर आणा, टाकी पूर्ण रिकामी होऊ द्या आणि मगच गेज लावा. पाणी दाबाखाली असताना गेज लावला तर तो पाण्याचाच दाब दाखवतो आणि माणूस समजतो हवा ठीक आहे. चांगले चांगले इथं फसतात. पंप २ बारला सुरू होत असेल तर टाकीतली हवा त्याच्यापेक्षा किंचित कमी, १.८ बार ठेवायची. पंक्चरवाल्याच्या भाषेत २६ पीएसआय.

प्लगबद्दल अजून थोडं सांगतो, कारण मागच्या बंगल्याचं वाचून मला झोप लागली नाही. व्हॉल्व्ह बंद केला तर ते ४ लिटर जाणार कुठं? दाब चढतो आणि जे कच्चं असेल ते फुटतं. कधी टाकीची वेल्डिंग, कधी सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाचा जॉइंट. सीपीव्हीसी गरम असताना थंडपणीच्या मानानं बराच कमजोर असतो, आणि इथं तो नेमका गरम असतानाच दाब चढणार. हे झालं बरं चित्र. वाईट चित्र कॉइलचं. कॉइलचा थर्मोस्टॅट चिकटला तर दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही. ६ बारला ते सुमारे १६५ अंशांपर्यंत पाणीच राहतं. तशात टाकीला चीर गेली की त्या पाण्याचा एक भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरहून जास्त वाफ होते. कारखान्यात आम्ही वाफेला घाबरायचो ते याच कारणानं. दुपारी गच्चीवर वाळवणं घालायला बायाबापड्या असतात, पोरं पतंग उडवतात.

तपासून कळवा. फोटो टाका.

---

मिरजेची_लीड्सकर

काकांनी फार छान समजावलंय. मी माहेरची मिरजेची, आता इंग्लंडमध्ये लीड्सला असते. आमच्याकडे घर गरम ठेवण्याच्या यंत्रणेत हाच आजार झाला होता, म्हणून लिहिते.

इथे बॉयलर गॅसवर पाणी तापवतो आणि तेच पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरत राहतं. ती लाइन पूर्ण बंद असते. थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारचा. आमच्याकडे सकाळी काटा शून्याजवळ, हीटिंग सुरू केलं की अर्ध्या तासात पावणेतीनच्या पुढे, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून टपटप. रात्री सगळं थंड झालं की पुन्हा शून्य, मग बॉयलर सुरूच व्हायचा नाही. बाहेर बर्फ आणि घरात सहा महिन्यांचं बाळ.

मी काय करायचे, तर रोज सकाळी भरण्याची चावी उघडून काटा दीडवर आणायचे. महिनाभर हेच केलं. नंतर मेकॅनिकने सांगितलं की हेच सगळ्यात वाईट. प्रत्येक वेळी ताज्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. आमच्या एका रेडिएटरमधून त्याने काढलेलं पाणी शाईसारखं काळं होतं.

दोष अगदी हाच निघाला. बॉयलरच्या आत मागे एक चपटी टाकी असते, एक्स्पान्शन व्हेसल. तिच्यातली हवा उतरली होती. त्याने बॉयलर थंड करून, पाण्याचा दाब काढून हवा १ बारपर्यंत भरली. सहा आठवड्यांत परत उतरली, म्हणजे आतला पडदा गेलेला. आतली टाकी बदलायची तर अख्खा बॉयलर भिंतीवरून काढावा लागला असता, म्हणून त्याने परतीच्या लाइनवर बाहेरून वेगळी टाकी जोडली. तेव्हापासून काटा थंड असताना सव्वा, गरम असताना दीड-पावणेदोन.

ताई, तुमचं पाणी रोज वापरात खर्च होतं आणि नवं येतं, आमचं तेच तेच फिरतं. एवढा फरक सोडला तर गोष्ट एकच. आणि इथे गॅस बॉयलर उघडायला नोंदणीकृत माणूसच लागतो, त्यामुळे इकडे कुणी वाचत असेल तर झाकण स्वतः काढू नका.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

काका, सकाळीच पिन दाबली. मिस्टरांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि पाणी उडालं, सरळ त्यांच्या शर्टावर. तांबूस, गंजाचा वास येणारं. टाकीवर टिचकी मारून पाहिली तर खालपासून वरपर्यंत एकच भद्द आवाज. म्हणजे फुगा फाटला ना?

चार फोटो टाकतेय: पंप आणि लाल टाकी, सोलरची टाकी, व्हॉल्व्ह, आणि दोन्हींच्या मधली लाइन.

---

कृष्णाकाठ_सांगली

हो ताई, फाटला. पत्र्याला आतनं गंजही धरलाय, म्हणून रंग आला. फुगा बदला, हवा भरा. दोन्ही त्रास थांबायला हवेत.

---

पाना_पक्कड_कऱ्हाड

काकांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. पंपाचा टक्-टक् फुगा बदलल्यावर थांबेल. पण व्हॉल्व्हची गळती थांबणार नाही.

ताई, तिसरा फोटो मोठा करून बघा. सोलरच्या टाकीत थंड पाणी जातं तिथं, टाकीच्या वीतभर आधी, एक पितळी तुकडा आहे. त्याच्यावर बाण आहे, बाणाचं तोंड सोलरकडे. तो एनआरव्ही आहे. पाणी सोलरकडे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तुमची लाल टाकी त्याच्या अलीकडे, पंपापाशी. सोलरमध्ये फुगलेलं पाणी लाल टाकीपर्यंत पोचणारच कसं? मधे दार लावलंय. फुगा नवा कोरा असला तरी.

मला एकच विचारायचंय. दिवाळीच्या आधी गच्चीवर काही काम केलं होतं का? कारण पितळ नवं दिसतंय, बाकीची फिटिंग उन्हानं मळलीय.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

दादा, वाचून अंगावर काटा आला. केलं होतं. दसऱ्यानंतर.

स्वयंपाकघरातल्या थंड नळाला दुपारी सुरुवातीला कोमट पाणी यायचं. मी त्याच प्लंबरला सांगितलं, तेव्हा त्याने “एक वनवे व्हॉल्व्ह टाकतो” म्हणून हा तुकडा बसवला. कोमट पाणी बंद झालं आणि मी खूश. गळती दिवाळीत लक्षात आली तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं मनातही आलं नाही.

---

पाना_पक्कड_कऱ्हाड

संबंध तोच. सोलरमधलं फुगलेलं पाणी आधी थंड लाइनीतनं मागं यायचं आणि लाल टाकीत बसायचं. तेच तुमच्या किचनच्या नळाला कोमट लागायचं. त्याची वाट अडवल्यावर त्याला व्हॉल्व्ह सोडून दुसरा रस्ता राहिला नाही. पंपाचा आवाज संक्रांतीला सुरू झाला म्हणजे फुगा नंतर फाटला. दोन वेगळे आजार, एकापाठोपाठ दिसले म्हणून एकच वाटले.

एनआरव्ही काढून टाकला तरी चालेल, पण मग कोमट पाणी परत येईल आणि एका टाकीवर दोन कामं पडतील. मी असतो तर एनआरव्ही राहू दिला असता आणि सोलरसाठी दुसरी टाकी दिली असती. बसवायची कुठं हे महत्त्वाचं: एनआरव्ही आणि सोलरच्या मधे, थंड पाण्याच्या बाजूला. गरम बाजूला लावली तर रबर लवकर कडक होतं. आणि तिच्या आणि सोलरच्या मधे कुठलीही चावी नको, उद्या कुणी चुकून बंद करेल.

माप सांगतो. पंप ३ बारला बंद होतो म्हणजे ऊन लागायच्या आधी सोलरमध्ये ३ बार दाब असू शकतो. म्हणून या टाकीत हवा ३ बार भरायची, साधारण ४३-४४ पीएसआय. व्हॉल्व्ह ६ ला उघडतो, आपण साडेपाचच्या आत राहायचं. ४ लिटर सामावायला हिशोबानं ११ लिटर येतात. १२ लिटरची टाकी जेमतेम पुरेल, पण हवा जराशी उतरली की पुन्हा गळती. २४ चीच घ्या. दुकानात तीच सहज मिळते आणि उद्या फुगा बदलायचा झाला तर दोन्हींना एकच माप.

जुन्या टाकीचा फुगा बदलताना: वीज बंद, टाकीचं पाणी काढा, पिनमधनं उरलेली हवा सोडा, मग पुढच्या पत्र्याचे सहा बोल्ट. फुगा ओढून बाहेर येतो. आतला पत्रा हातानं चाचपा. वरवरचा गंज चालेल, पापुद्रे निघत असतील तर फुग्यावर पैसे घालू नका, टाकीच नवी घ्या, नाहीतर तो पापुद्रा नव्या फुग्याला कापणार. बोल्ट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. आणि नवा फुगा घातल्यावर आधी हवा, मग पाणी. उलट केलं तर फुगा पाण्यानं भरून पत्र्याला चिकटतो आणि हवेला जागाच राहत नाही.

सोलरच्या लाइनीवर एक प्रेशर गेजही बसवून घ्या. गेज नाही तिथं प्लंबर अंदाजानंच बोलतो, मीही.

---

कृष्णाकाठ_सांगली

दादा, बरोबर पकडलंत. फोटोतला तो तुकडा मी बघितलाच नाही, फुगा फाटलेला सापडला आणि तिथंच थांबलो. ताई, कऱ्हाडकर सांगतात तसंच करा.

माझी एवढीच भर. व्हॉल्व्हच्या तोंडाला एक नळी जोडून ती भिंतीपासनं लांब, गच्चीच्या मोरीच्या जाळीपर्यंत खाली न्या. तोंड उघडं ठेवा, कधीच बंद करू नका. कधी खरंच उघडला तर गरम पाणी कुणाच्या अंगावर येणार नाही, आणि सासूबाईंची भिंतही कोरडी राहील.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

दोन आठवड्यांनी लिहितेय. काम झालं, नीट बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

जुना प्लंबर यायला तयार नव्हता. शेवटी पोवई नाक्यावरच्या एका हार्डवेअरवाल्याने त्याच्या ओळखीचा मुलगा दिला. वयाने लहान, पण दादांचा मजकूर त्याने मोबाइलवर दोनदा वाचला आणि मगच पाना हातात घेतला. लाल टाकी उघडली तेव्हा फुगा तळाशी बोटभर फाटलेला होता. फाटलेल्या कडेला रबर खडबडीत झालेलं, बोटाला लागेल असं. पत्रा आतून भुरकट होता, पण पापुद्रे नव्हते, म्हणून फुगाच बदलला. पंक्चरच्या दुकानातून पायपंप आणि गेज आणला. १.८ ला थांबलो. पंप आता नळ सोडला तर बराच वेळ गप्प असतो, मग एकदाच उठतो आणि भरून घेऊन झोपतो.

सोलरच्या बाजूला नवी २४ लिटरची टाकी, एनआरव्हीच्या पुढे, मधे चावी नाही. हवा ३ बार. टाकीचं वजन नुसत्या पाइपवर येऊ नये म्हणून त्या मुलाने भिंतीत लोखंडी क्लॅम्प ठोकला, हे त्याने स्वतःहून केलं. गेजही बसवला.

पहिल्या दिवशी मी शाळेतून सुट्टी घेतली आणि दर तासाने गच्चीवर गेले. सकाळी दहाला काटा ३ वर. बाराला ३.३. दोनला ३.६. सव्वातीनला पावणेचारच्या जरा पुढे, आणि तिथेच थांबला. व्हॉल्व्हच्या नळीखाली बादली ठेवली होती. कोरडी. बोट फिरवून बघितलं, तिच्यात नुसती धूळ होती. त्यानंतर रोज बघतेय, काटा कधी ४ च्या पुढे गेला नाही.

दादा, ३.८ च्या आसपास काटा थांबणं हे हिशोबात बसतं का? मिस्टर विचारताहेत.

---

पाना_पक्कड_कऱ्हाड

अगदी तंतोतंत. वातावरणाचा १ बार मिळवून धरायचं. आधी हवा २४ लिटर, ४ बारला. पाण्यानं ४ लिटर जागा घेतली, हवेला उरले २०. चारला चोविसानं गुणून विसानं भागा, ४.८. त्यातनं वातावरणाचा १ वजा, ३.८. तुमच्या मुलानं काम चांगलं केलंय, त्याला माझ्याकडनं सांगा.

पुढं कधी दुपारी काटा साडेचार-पाच बारवर जायला लागला तर व्हॉल्व्ह गळायच्या आधीच समजा की हवा उतरायला लागली.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सांगितलं, लाजला. हवा किती दिवसांनी तपासायची?

---

कृष्णाकाठ_सांगली

वर्षातनं दोनदा. पाडव्याला आणि दिवाळीला, म्हणजे लक्षात राहतं. दोन्ही टाक्या, पाण्याचा दाब शून्यावर आणूनच. आणि महिन्यातनं एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून थोडं पाणी जाऊ द्या, सकाळी पाणी थंड असताना. तुमच्याकडं नळाचं पाणी येतं तोवर ठीक, पण उन्हाळ्यात बोअर चालवत असाल तर क्षार बसून व्हॉल्व्ह आतनं चिकटतो. आमच्या वाळवा-मिरजेकडच्या बोअरच्या पाण्यात तर मीठच, तिथं हे फार बघितलंय. चिकटलेला व्हॉल्व्ह आणि प्लग मारलेला व्हॉल्व्ह यात फरक नाही.

आणि ताई, तो मागचा बंगला?

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

काका, तेच लिहायला बसले होते.

आमच्या गच्चीवरून त्यांची टाकी दिसते. व्हॉल्व्हच्या तोंडात पांढरा प्लग, वर टेफ्लॉनचे वेढे, स्पष्ट दिसतात. घरात दोघेच आजी-आजोबा, मुलगा पुण्याला. परवा संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. आधी त्यांना वाटलं आम्ही त्यांच्या प्लंबरची तक्रार घेऊन आलोय. मग मी बादलीचं सगळं सांगितलं आणि तुमचा मजकूर आजोबांना मोठ्याने वाचून दाखवला. कॉइलच्या परिच्छेदाला त्यांनी हात वर करून थांबवलं आणि आजींना म्हणाले, “स्विच बंद करून ये आधी.”

प्लग अजून काढलेला नाही. उद्या पहाटे तोच मुलगा येतोय. दुपारी काढला तर गरम पाणी अंगावर येईल ना? नेमकं कसं करायचं ते रात्रीत सांगाल का? त्यांची टाकी १५० लिटरची आहे आणि लाल टाकी नाहीच, नुसता पंप.

---

कृष्णाकाठ_सांगली

बरोबर, दुपारी नाही. ऊन लागायच्या आधी, सहा-साडेसहाला. कॉइलचा स्विच नव्हे, बोर्डावरचा एमसीबीच खाली करा. पंपाचाही. मग खालच्या बाथरूमचा गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडून ठेवा, पाण्याची धार मंदावून थांबेपर्यंत. थांबल्यावरही पाच मिनिटं उघडाच राहू द्या. मगच प्लगला पाना लावायचा, हळूहळू, पाव वळसा, थांबून, पुन्हा पाव वळसा. तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, मुलानंही बाजूनं हात घालायचा. वर्षभर बंद होता म्हणजे आतनं चिकटलेला असणार, तो परत वापरू नका, नवा बसवा. टाकीच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्तीचा व्हॉल्व्ह नको.

टाकी प्रेशराइज्ड आहे का ते आधी वाचा. नसेल तर पंप तिथून तोडायचा आणि उघडा पाइप परत लावायचा, मधला मार्ग नाही. असेल तर १५० लिटरला ३ लिटर फुगतं, नवी टाकी लागेल. ती येईपर्यंत व्हॉल्व्ह गळत राहील. गळू द्या, खाली बादली लावा.

मी साडेपाचला उठतो. काही अडलं तर इथंच लिहा, मोबाइल जवळ ठेवतो.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

सकाळी ७.१०. प्लग निघाला. नळाची धार थांबल्यावर पाच मिनिटं थांबलो होतो, तरीही शेवटच्या वळशाला फुस्स आवाज येऊन वाटीभर पाणी आलं. जुना व्हॉल्व्ह दांडी उचलून पाहिला, हललाच नाही. आत पांढरा थर. नवा बसला, ६ बारचा. पट्टीवर टाकी प्रेशराइज्ड आणि ६ बारचीच आहे, दोनदा वाचून घेतलं. दुकान उघडलं की मुलगा टाकी आणायला जातोय. बादली आमच्याकडचीच देऊन आले.